क्लिप उघडत नाही तेव्हा

लग्नसराई सरली की एडिटरच्या टेबलावर येऊन पडणारं फुटेज पाच ठिकाणचं असतं. मुख्य कॅमेऱ्याचं, ड्रोनचं, करवलीच्या आयफोनवरचं, मामांच्या अँड्रॉइडवरचं. शिवाय ‘हेही कुठेतरी घाला’ म्हणून हातात ठेवलेली नवरदेवाच्या आईवडिलांच्या लग्नाची व्हीसीडी. सगळं सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला गेलं की पंचाईत होते. एक क्लिप आतच येत नाही. दुसरीचा नुसता आवाज येतो, चित्र नाही. तिसरी दिसते, पण प्ले केली की अडखळते. चौथीत मंगलाष्टकांच्या सुरुवातीला जुळलेले ओठ आणि सूर शेवटच्या ‘सावधान’पर्यंत एकमेकांना सोडून गेलेले असतात.

या सगळ्याला ‘कोडेकचा प्रॉब्लेम’ म्हणायचं आणि मिळेल तो कन्व्हर्टर उतरवून सरसकट सगळं पुन्हा एमपी४ करून टाकायचं, अशी रीत पडली आहे. मला ती अजिबात मान्य नाही. ही दुखणी वेगवेगळी आहेत आणि काही वेळा तर चित्राला हात लावायचीही गरज नसते. एच.२६४मधून पुन्हा एच.२६४ करताना दर खेपेला चित्रातला काही तपशील कायमचा जातो. शालूची जर, मेंदीची बारीक नक्षी आधी जाते.

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही झाली वेष्टनं. आत चित्र कोणत्या पद्धतीने, म्हणजे कोणत्या कोडेकने, दाबून भरलं आहे, ते त्यांवरून कळत नाही. एकाच एमपी४मध्ये २००३ साली आलेलं एच.२६४ असेल किंवा २०१३ सालचं एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी. म्हणून फाइलचं एक्स्टेन्शन बदलून काही साधत नाही. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, क्लिप त्यात टाका आणि फॉरमॅट, बिट डेप्थ, क्रोमा सबसॅम्पलिंग, फ्रेम रेट मोड एवढ्या चारच ओळी वाचा. बहुतेक निदान तिथेच होतं.

अडचण फक्त वेष्टनाची असेल, तर काम काही सेकंदांचं. ओबीएस या स्क्रीन-रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने रेकॉर्ड केलेली एमकेव्ही फाइल एडिटिंग सॉफ्टवेअर घेत नसेल, तर ओबीएसच्याच फाइल मेन्यूत रीमक्सची सोय आहे. आतलं चित्र आणि आवाज जसेच्या तसे राहतात, फक्त बाहेरचं वेष्टन बदलतं. एफएफएमपेग या टूलनेही हे होतं.

चित्रच उघडत नसेल, तर बहुधा ते उलगडणारा डिकोडर संगणकात नसतो. ॲपलने २०१७ साली आयओएस ११मध्ये एचईव्हीसी आणलं आणि आयफोन ७पासूनचे फोन त्यात रेकॉर्ड करू लागले. विंडोजवर त्यासाठीचं एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून वेगळं घ्यावं लागू शकतं. लिनक्सवर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत तर साधं एच.२६४सुद्धा उघडत नाही, हे अनेक वर्षांचं दुखणं आहे. शूटिंग अजून व्हायचं असेल, तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्समध्ये जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडायला सांगा. मात्र ४के चित्र ६० फ्रेमने हवं असेल, तर साधारणपणे एचईव्हीसीच लागतं. आणि व्हॉट्सॲपवर क्लिप मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आवर्जून सांगा, नाहीतर ती वाटेतच दाबली जाते.

अडखळणाऱ्या क्लिपचं कारण जरा खोल आहे. एच.२६४ आणि एच.२६५मध्ये सहसा प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. एक फ्रेम पूर्ण, मग पुढच्या कित्येक फ्रेममध्ये फक्त काय बदललं त्याची नोंद. तलाठी दप्तरात जमिनीची मालकी कशी बदलत आली हे शोधायचं तर मागचे सगळे फेरफार उलगडावे लागतात, तसंच इथे मधलीच एखादी फ्रेम दाखवायची तर सॉफ्टवेअरला आधीची पूर्ण फ्रेम गाठून तिथून हिशोब करत यावं लागतं. पाहताना हे जाणवत नाही. एडिटिंगमध्ये सारखं मागेपुढे जायचं असतं, तिथे संगणक दमतो. त्यात बिट डेप्थ आणि क्रोमा सबसॅम्पलिंगच्या ओळींत १०-बिट ४:२:२ दिसलं तर आणखीच. या प्रकारचं एचईव्हीसी इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स हार्डवेअरवर उलगडतं. पण एनव्हिडियाच्या ५० मालिकेआधीच्या महागड्या कार्डांनाही ते जमत नाही. ज्यांनी पदरमोड करून कार्ड घेतलं, त्यांना हे कुणी आधी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

यावर उपाय दोन. प्रॉक्सी करा, म्हणजे हलक्या प्रतीवर कापाकापी आणि शेवटचं रेंडर मूळ फाइलवरून. नाहीतर प्रोरेझ किंवा डीएनएक्सएचआर या कोडेकमध्ये रूपांतर करा; एडियस सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ग्रास व्हॅलीचं एचक्यूएक्स आहेच. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि डोळ्याला जाणवेल असं नुकसान होत नाही. किंमत मोजावी लागते ती जागेची. प्रोरेझ ४२२मध्ये फुल एचडीचा, सेकंदाला २५ फ्रेमचा एक तास साधारण ५५ जीबी खातो. मूळ फाइली मात्र कधीही पुसू नका.

ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जात असतील, तर मीडियाइन्फोत फ्रेम रेट मोडपुढे ‘व्हेरिएबल’ दिसेल. फोन अंधारात फ्रेमचा वेग स्वतःच बदलतो आणि टाइमलाइन तो ठरावीक धरून चालते. आवाज तुकड्यातुकड्याने सरकवत बसू नका. हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, दर्जा चढा ठेवून क्लिप नव्याने काढा आणि मग आत घ्या.

आता ती व्हीसीडी. तिच्यात एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो आणि त्यात डॅट फाइल. आत असतं एमपीईजी-१, अवघं ३५२ बाय २८८ पिक्सेलचं. ते ताणून ४के पडदाभर पसरू नका. ४:३ आकारात, मध्यभागी, बेताचं मोठं करून ठेवा, चेहरे ओळखता येतील. डीव्हीडी असेल तर एमपीईजी-२, ७२० बाय ५७६, आणि बहुतेकदा इंटरलेस्ड. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, प्रत्येक वेगळ्या क्षणाची. म्हणून अक्षता टाकणाऱ्या हातांच्या कडांना आडव्या रेषा दिसतात. डीइंटरलेस करताना ५० फ्रेम काढल्या तर हातांची हालचाल सलग राहते. २५ काढल्या तर निम्मी हालचाल जाते. डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइली सुमारे १ जीबीच्या तुकड्यांत असतात. त्या सुट्या आत घेतल्या तर सांध्यावर आवाज तुटू शकतो, त्यामुळे मेकएमकेव्ही सॉफ्टवेअरने आधी एक सलग फाइल करून घ्यावी.

हे सगळं डिस्क वाचली गेली तर. ती कधीही थेट टाइमलाइनवर ओढू नका, आधी पूर्ण कॉपी हार्ड डिस्कवर घ्या. कॉपी मध्येच थांबली, तर मऊ कापडाने डिस्क केंद्राकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. तरीही जमलं नाही, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा कधीकधी वाचतो.