वर्णनातून उभे राहणारे यंत्र

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद राहून गेली, म्हणून शेतातली विहीर काही नाहीशी होत नाही. तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात, कर्ज अडते, भाऊबंदकीत तंटा होतो. पण पाणी जागच्या जागी असते. आपल्या ओळखीच्या बहुतेक नोंदी अशाच असतात: आधी वस्तू, मग तिची नोंद. गेल्या साठेक वर्षांत संगणकाच्या जगात मात्र एक असा दस्तऐवज तयार झाला आहे, की त्यात विहीर लिहिली तर विहीर असते आणि ती ओळ खोडली तर विहीरही जाते. हा दस्तऐवज म्हणजे आभासी यंत्राची, अर्थात व्हर्च्युअल मशीनची, कॉन्फिगरेशन फाइल.

आभासी यंत्र म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या मदतीने उभा केलेला दुसरा संगणक. बाहेरचा तो यजमान, आतला तो पाहुणा. पाहुण्यावर चालणाऱ्या विंडोजला किंवा लिनक्सला आपल्यापाशी स्वतंत्र प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड आहे असेच दिसते. प्रत्यक्षात या प्रत्येक भागामागे फाइलमधली एकेक नोंद असते. एका यंत्राचे पुरे वर्णन छापले तर ते चार-पाच पानांत मावते. या पानांत दोन गोष्टी विशेष विचार करण्याजोग्या आहेत. एक, यंत्राला कोणती उपकरणे दिली आहेत. दुसरी, त्या यंत्राशी थेट बोलण्याची जागा, म्हणजे कन्सोल, कोठे आणि कोणासाठी ठेवली आहे.

केंब्रिजमधली सुरुवात

१९६४ साली आयबीएम कंपनीने सिस्टीम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे कंपनीचे एक संशोधन केंद्र सुरू झाले. संगणक तेव्हा अवाढव्य आणि अतिशय महाग होता, त्यामुळे एकाच यंत्रावर अनेकांना काम कसे करू द्यायचे हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. केंब्रिजच्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला एक वेगळे उत्तर दिले. माणसांत यंत्राचे तुकडे वाटण्याऐवजी प्रत्येकाला एक अख्खे यंत्र असल्याचा अनुभव द्यायचा. सीपी-४० या नावाची त्यांची प्रणाली १९६७च्या सुरुवातीला वापरात आली. एका संगणकावर तिने चौदापर्यंत आभासी यंत्रे चालवली. पुढे सीपी-६७ आली आणि १९७२च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने व्हीएम/३७० हे उत्पादन अधिकृतपणे जाहीर केले.

व्हीएम/३७० मध्ये 'डिरेक्टरी' नावाची एक नोंदवही असे. प्रत्येक वापरकर्त्याच्या नावावर त्याच्या यंत्राचे वर्णन ओळीओळीने लिहिलेले असे. पहिल्या ओळीत नाव, परवलीचा शब्द आणि मेमरी किती ते. मग कन्सोलची ओळ: पत्ता ००९, प्रकार ३२१५. ही ३२१५ म्हणजे टंकलेखन यंत्रासारखी छापणारी आयबीएमची कळफलक-जोडणी. त्यानंतर तीन ओळी कागदाच्या: छिद्रित कार्डे वाचणारे यंत्र, कार्डांना छिद्रे पाडणारे यंत्र आणि १४०३ क्रमांकाचा प्रिंटर. शेवटी डिस्कच्या ओळी. खऱ्या डिस्कचा लहानसा पट्टा या यंत्रापुढे स्वतंत्र डिस्क म्हणून मांडला जाई.

यातली कन्सोलची ओळ आज साधी वाटते, पण तिचा अर्थ मोठा होता. त्या काळात कन्सोल ही ऑपरेटरची गादी होती. थंडगार खोलीत एकच खुर्ची, एकच कळफलक. यंत्र सुरू करणे, थांबवणे, अडले तर आत डोकावणे हे सारे अधिकार तिथे बसणाऱ्याचे. बाकीच्यांनी कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि छापील कागदाची वाट पाहायची. व्हीएमवर वापरकर्ता आपल्या टर्मिनलवरून आत शिरला, की तेच टर्मिनल त्याच्या आभासी यंत्राचे कन्सोल होई. म्हणजे ती एकमेव खुर्ची नोंदवहीतल्या एका ओळीने प्रत्येकाला मिळाली.

कार्डांच्या ओळींचे भाग्य आणखी मजेशीर. खरी छिद्रित कार्डे वापरातून गेली, पण वर्णनातली कार्डयंत्रे गेली नाहीत. एका वापरकर्त्याला दुसऱ्याकडे फाइल पाठवायची असली, तर ती आपल्या आभासी छिद्रयंत्रातून पाठवायची आणि समोरच्याच्या आभासी वाचकयंत्रात ती गठ्ठ्यासारखी येऊन पडायची. कागदाचा एक कपटाही न हलता कार्डांचा व्यवहार पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. उपकरण संपले, पण त्याच्याशी बोलण्याची रीत उरली.

आजच्या फाइलमध्ये काय असते

१९९०च्या दशकाच्या अखेरीस हीच कल्पना घरगुती आणि कार्यालयीन संगणकांवर आली. १९९८ साली व्हीएमवेअर कंपनी स्थापन झाली, २००३ साली फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार यांचे क्यूईएमयू बाहेर आले, आणि २००७ साली केव्हीएम हा भाग लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाला. या निरनिराळ्या प्रणालींसाठी वर्णनाची एक सामायिक भाषा असावी या गरजेतून लिबव्हर्ट हे सॉफ्टवेअर पुढे आले. त्याची फाइल एक्सएमएल पद्धतीत असते. प्रत्येक गोष्ट कंसांतल्या नावाच्या जोडीत बंद केलेली, एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखी. सगळ्यांत बाहेरचा डबा यंत्राचा. त्यात नाव, ओळखक्रमांक, मेमरी, प्रोसेसरची संख्या. आणि 'डिव्हायसेस' नावाच्या मोठ्या डब्यात उपकरणांचे लहान डबे.

एका उपकरणाच्या डब्यात साधारणपणे दोन बाजू लिहाव्या लागतात. डिस्कचे उदाहरण घ्या. यजमानाच्या बाजूने ती एक मोठी फाइल असते. तिचा मार्ग 'सोर्स' म्हणून लिहितात. पाहुण्याच्या बाजूने ती कोणत्या जोडणीवरची कोणती डिस्क म्हणून दिसावी, हे 'टार्गेट' म्हणून लिहितात. नेटवर्क कार्डाचेही तसेच. त्यात भर म्हणजे कार्डाचा स्वतःचा पत्ता असतो. एका यंत्राची फाइल जशीच्या तशी नकलून दुसरे यंत्र उभे केले आणि हा पत्ता बदलायचा राहिला, तर एकाच जाळ्यात एकाच पत्त्याची दोन यंत्रे होतात आणि दोघांचीही टपाले चुकू लागतात.

कार्डयंत्रांची गोष्ट इथेही पुन्हा घडते. क्यूईएमयू आजही पाहुण्याला जो एक नेहमीचा मदरबोर्ड दाखवू शकते, तो इंटेलच्या १९९६च्या चिपसंचाची नक्कल आहे. रिअलटेकचे एक जुने नेटवर्क कार्ड, सिरस लॉजिकचे नव्वदच्या दशकातले चित्रकार्ड हेही यादीत निवडता येतात. याचे कारण व्यावहारिक आहे. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला हीच उपकरणे ओळखता येतात. विंडोज ९५ला सिरसचे कार्ड कसे वापरायचे ते आधीच ठाऊक आहे. नव्या लिनक्सला मात्र असे सोंग घ्यायची गरज नसते. त्याच्यासाठी व्हर्टआयओ नावाची उपकरणे लिहितात. ती कोणत्याही खऱ्या कार्डाची नक्कल करत नाहीत. आपण आभासी आहोत हे यजमान आणि पाहुणा दोघांनी मान्य करून केलेला तो करार आहे, म्हणून तो अधिक वेगवान ठरतो.

आणखी एक बारकावा. चालू यंत्राचे वर्णन आणि जपून ठेवलेले वर्णन एकच असेल असे नाही. फाइलमध्ये आज केलेला बदल सहसा यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर लागू होतो. तोवर 'आहे' आणि 'असेल' अशी दोन वर्णने एकाच वेळी नांदतात. त्यातले कोणते आपण वाचतो आहोत हे न कळल्यामुळे अनुभवी माणसांचेही तास वाया जातात.

दार कोणासाठी?

आता कन्सोलकडे येऊ. रोजच्या कामासाठी आभासी यंत्रात शिरायचा रस्ता नेटवर्कमधून जातो. पण नेटवर्कची मांडणीच बिघडली, किंवा यंत्र सुरू होता होता मध्येच अडले, तर तो रस्ता बंद होतो. खऱ्या संगणकाला अशा वेळी पडदा आणि कळफलक जोडून समोर बसता येते. आभासी यंत्राला तशी समोरची बाजूच नाही. ती आधी लिहून ठेवावी लागते.

लिहिण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली चित्राची: 'ग्राफिक्स'च्या डब्यात व्हीएनसी ही पद्धत लिहिली, की यंत्राचा पडदा दुसऱ्या संगणकावर खिडकीसारखा दिसतो. दुसरी अक्षरांची: जुन्या सीरियल तारेची नक्कल. तीत फक्त अक्षरे जातात-येतात, म्हणून ती अगदी मंद जोडणीवरही चालते आणि यंत्राचे बोलणे सरळ फाइलमध्ये उतरवून ठेवता येते. लिनक्समध्ये या तारेच्या नावात अजून 'टीटीवाय' ही अक्षरे आहेत. ती टेलिटाइपरायटर या शब्दाची खूण. म्हणजे ३२१५च्या पिढीचे टंकयंत्र नावापुरते इथेही बसलेले आहे.

सीरियल कन्सोलबाबत नवख्यांची हमखास फसगत होते. यजमानाच्या फाइलमध्ये ओळ लिहिली, कन्सोलला जोडणी केली, आणि पडदा कोराच राहिला. कारण दाराला दोन बाजू आहेत. बाहेरून चौकट बसवली, तरी आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला 'तुझे बोलणे या तारेवर पाठव' आणि 'तिथे प्रवेशाची विचारणा कर' असे वेगळे सांगावे लागते. हे सांगायचे असते यंत्र ठणठणीत असताना. अडल्यावर सांगायला आत जाणार कोठून?

कन्सोल ही जशी सोय, तशीच जोखीम. त्याच्या हाती यंत्र अगदी सुरुवातीपासून असते. ते पुन्हा सुरू करून, सुरू होतानाच अडवून, परवलीचा शब्द बदलण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून व्हीएनसीच्या डब्यातला ऐकण्याचा पत्ता नीट वाचावा. १२७.०.०.१ असा पत्ता असेल, तर पडदा फक्त यजमान संगणकावरूनच उघडतो. त्याजागी चार शून्ये लिहिली, तर यजमान ज्या ज्या जाळ्यात आहे तिथून कोणीही दार ठोठावू शकतो. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीतला परवलीचा शब्दही आठ अक्षरांपलीकडे मोजला जात नाही. चार आकडे बदलले, की घराचे मागचे दार हमरस्त्यावर उघडते. फाइल लिहिणाऱ्याने म्हणूनच दोन प्रश्न एकत्र विचारावेत: सारे बंद पडल्यावर मी आत कसा जाईन, आणि त्याच वाटेने आणखी कोण येऊ शकेल?

जुने लेखन, जुने यंत्र

हा सारा तपशील तंत्रज्ञांपुरता नाही. साहित्याशी त्याचा थेट संबंध येतो. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांचे कागदपत्र २०१० साली अभ्यासकांना खुले केले. त्यांत त्यांचे संगणकही होते. त्यांपैकी मॅकिंटॉश परफॉर्मा ५४०० हा संगणक विद्यापीठाने नकलेच्या रूपाने पुन्हा उभा केला. त्यामुळे वाचनकक्षात बसून लेखकाच्या फाइली त्याने पाहिल्या त्या मांडणीत पाहता येऊ लागल्या. तिथे केवळ मजकूर जतन झाला नाही; तो ज्या यंत्रात लिहिला गेला त्याचे रूपही जतन झाले.

मराठीला या रीतीची गरज अधिक आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालीच आली, तरी आपली मासिके, दिवाळी अंक आणि पुस्तके पुढेही अनेक वर्षे श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आणि पेजमेकरसारख्या जुळणीच्या प्रोग्राममध्ये तयार होत राहिली. या फॉन्टांची अक्षरसंकेतने ज्याची त्याची वेगळी. अशी फाइल आजच्या संगणकावर उघडली, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. मजकूर बदलून देणारे प्रोग्राम आहेत; पण पानाची मांडणी, ओळींची तोड, जोडाक्षरांची विशिष्ट वळणे पाहायची असतील, तर जुनी विंडोज, जुना प्रोग्राम आणि तोच फॉन्ट एकत्र हवेत. सिरसचे चित्रकार्ड आणि जुन्या जोडणीची डिस्क लिहिलेले आभासी यंत्र नेमके तेवढ्यासाठी उपयोगी पडते.

त्याला मर्यादाही आहे. त्या काळच्या काही लिपी-सॉफ्टवेअरबरोबर प्रिंटरच्या खाचेत बसवायचे लहानसे कुलूप येई. ते नसेल तर प्रोग्राम चालत नसे. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये यजमानाची ती खाच पाहुण्याला जोडून देता येते, पण कुलपाच्या पोटातले गुपित लिहून काढता येत नाही. वर्णन इथे थांबते; वस्तूच लागते.

म्हणून ज्या प्रकाशकांच्या आणि लेखकांच्या घरी जुन्या हार्डडिस्का, सीडी, फ्लॉपी पडून आहेत, त्यांनी त्यांच्या प्रतींबरोबर एक पान लिहून ठेवावे: संगणक कोणता होता, विंडोज कोणती, प्रोग्रामची आणि फॉन्टची आवृत्ती कोणती, कुलूप होते का आणि ते कोठे ठेवले आहे. साध्या मराठीत लिहिले तरी चालेल. त्यावरून फाइल तयार करणारा माणूस पुढे केव्हाही भेटेल. सातबाऱ्यावर राहिलेली विहीर शेतात जाऊन दाखवता येते. या यंत्राची ओळ लिहायची राहिली, तर दाखवायला शेतच उरत नाही.