कोल्हारचा वडापाव आणि अण्णांची साखर



नगरहून मनमाडच्या रस्त्याने येताना प्रवरेचा पूल ओलांडला, की आमचे कोल्हार लागते. शिर्डीला निघालेली माणसे इथे चहाला थांबतात, उसाचे ट्रॅक्टरवाले थांबतात, लोणीच्या दवाखान्यात निघालेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईकही थांबतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाड्यांवरच्या कढयांत वडे पडू लागले, की त्या वासाला नाही म्हणणे फार अवघड. आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, ते कधी जमलेच नाही. शेतातून येताना दोन वडापाव, तळलेली मिरची आणि वर गोड चहा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. तीन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी पाव, बटाटा, साखर कमी करा म्हणून सांगितले, तेव्हा अण्णा घरी येऊन मला म्हणाले, "सूनबाई, चहातली साखर सोडतो. पण संध्याकाळचा वडापाव सोडायला लावू नको."

आजचे बोलणे त्यांच्या त्या एका वाक्यावरून निघालेले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा असे अण्णा तुमच्याही घरात किंवा शेजारी असतील.

आधी वडापावात आहे काय ते पाहू. मुंबईत दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडा आणि पाव एकत्र आणले, असे सांगितले जाते. स्वस्त, गरम, एका हातात मावणारे आणि पोट भरणारे. पण पोट कशाने भरते? पाव मैद्याचा, आतली भाजी बटाट्याची, वरचे आवरण बेसनाचे. तिन्ही ठिकाणी पिष्टमय पदार्थ, म्हणजेच कर्बोदके. पन्नास ग्रॅमच्या पावात साधारण २५ ग्रॅम, वड्यातल्या बटाट्यात १० ते १२ आणि बेसनात आठ-एक ग्रॅम. एक वडापाव झाला चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम कर्बोदकांचा. दिवसभरात १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असली, तर त्या आहाराला साधारणपणे 'लो-कार्ब' म्हणतात. अण्णांचे दोन वडापाव त्यातला दोनतृतीयांश वाटा संध्याकाळी साडेपाचलाच संपवत होते. कर्बोदके पचून त्यांची शेवटी ग्लुकोज साखरच होते. मैद्यातला कोंडा काढून टाकलेला असल्याने पावाच्या बाबतीत हे काम फार झटपट होते.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्या भागात हा गैरसमज पक्का आहे. "पाव नको, भाकरी खा, भाकरीत साखर नसते," असे पुष्कळ जण सांगतात. ज्वारी-बाजरीत चोथा जास्त असतो, साखर थोडी सावकाश चढते, हे खरे. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतातच, जवळजवळ गव्हाइतकीच. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे चाळीसेक ग्रॅम. भाकरीत वडा गुंडाळून दिला आणि पथ्य झाले, असे मीही पहिल्या आठवड्यात समजत होते.

कर्बोदके कमी करण्याची कल्पना काही कालची नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता. अंत्यविधीचे सामान पुरवणे हा त्याचा व्यवसाय. वजन इतके वाढले होते, की जिना उतरतानाही त्रास. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने पाव, बटाटा, साखर आणि बिअर कमी केली, वजन उतरले, आणि १८६३ मध्ये त्याने आपल्या अनुभवाची एक छोटी पुस्तिका काढली. पाव आणि बटाटा! म्हणजे आपला वडापावच. वडा आपल्याकडे तेव्हा या रूपात नव्हता, एवढाच फरक.

आता स्वयंपाकघरात येऊ. खरी अडचण पावाचीच. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले, की त्यातली प्रथिने एकमेकांत गुंतून रबरासारखे जाळे तयार होते. यीस्टमुळे सुटणारा वायू त्या जाळ्यात अडकतो, म्हणून पाव फुगतो आणि दाबला तर पुन्हा वर येतो. गहू काढून टाकला की हे जाळे गेले. परदेशात बदामाच्या पिठाचा पाव करतात, पण बदामाचा भाव आपल्याला ठाऊक आहे. मग मी घरातले डबे उघडले. शेंगदाणे होते, जवस होते, अंडी होती. जाळ्याचे काम अंड्याने करायचे. अंड्यातली प्रथिने उष्णतेने घट्ट होतात आणि सुटणारा वायू जागच्या जागी धरून ठेवतात.

एका पावाला एक अंडे घ्या. चांगले फेटा. त्यात दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे कूट, एक मोठा चमचा भाजलेल्या जवसाची पूड आणि मीठ घाला. मिश्रण पाच मिनिटे तसेच ठेवा. जवस पाणी ओढून चिकट होते आणि पीठ बांधून धरते, जवसाची चटणी ओली झाली की कशी होते ते आठवा. शेवटी चिमूटभर खाण्याचा सोडा घालून त्यावर लिंबाचे चार थेंब टाका. हलवून लगेच तेलाचे बोट फिरवलेल्या खोलगट वाटीत ओता आणि इडलीपात्रात दहा-बारा मिनिटे वाफवा. सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की झाले. निवल्यावर आडवा कापून कापलेल्या बाजू तव्यावर तांबूस भाजा. हे भाजणे टाळू नका. नुसता वाफवलेला पाव ओलसर लागतो आणि अंड्याचा वासही येतो.

माझे पहिले तीन पाव कुत्र्यानेही बेताबेतानेच खाल्ले. कूट मिक्सरमध्ये सलग फिरवले, त्याला तेल सुटले आणि पावाऐवजी लाडू झाला. शेंगदाणे अगदी गार करून, थांबत थांबत, थोडे थोडे फिरवायचे. दुसऱ्यांदा सोडा जास्त पडला. तिसऱ्यांदा काय चुकले ते अजून कळलेले नाही. चौथा जमला. या पावात कर्बोदके पाच-सहा ग्रॅमच, आणि त्यातही चोथ्याचा भाग मोठा. तो लादीपावासारखा लागतो, असे मी म्हणणार नाही. साधारण ढोकळा आणि पाव यांच्या मधले काहीतरी लागते. लसणाची कोरडी चटणी सढळ हाताने लावली, की जिभेची तक्रार कमी होते.

वड्यासाठी बटाट्याऐवजी फ्लॉवर. किसून पाच मिनिटे वाफवायचा आणि पंचात बांधून घट्ट पिळायचा. पाणी राहिले तर वडा फुटतो. बांधून येण्यासाठी मूठभर कुस्करलेले पनीर घालायचे. फोडणी मात्र बटाटेवड्याचीच ठेवायची: मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, आले-लसूण-मिरचीचा ठेचा, वरून कोथिंबीर. माझ्या मते वड्याची ओळख बटाट्यात कमी आणि या फोडणीत जास्त आहे. बेसन पातळ भिजवून नुसता हात फिरवल्यासारखे लावायचे आणि आप्पेपात्रात थोड्या तेलावर उलटसुलट भाजायचे. बेसन अजिबात वगळायचा हट्ट मी धरत नाही. एका वड्याला चमचाभर बेसनाने काही बिघडत नाही, आणि त्याशिवाय तो वडा वाटत नाही.

आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार भगवतीचे वार, त्या दिवशी घरात अंडे शिजत नाही. सासूबाई तर कधीच खात नाहीत. त्यांच्यासाठी मुंबईचे टोस्ट सँडविच पनीरचे करते. हा दुधाचा भाग. घरच्या गाईच्या एक लिटर दुधाचे लिंबू पिळून सव्वाशे-दीडशे ग्रॅम पनीर निघते. ते फडक्यात बांधून वर पाटा-वरवंट्यातला वरवंटा दोन तास ठेवला, की सुरीने अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या निघतात. पिझ्झावरचे चीज तापले की वितळून ताणते, पण आपले लिंबाने फोडलेले पनीर वितळत नाही. गरम दुधात आंबट पडले, की त्यातली प्रथिने अशी घट्ट बसतात, की तव्यावरही आकार सोडत नाहीत. म्हणून त्याच्या चकत्यांना ब्रेडचे काम करता येते. दोन चकत्या तुपावर भाजा, मध्ये पुदिना-कोथिंबिरीची चटणी, काकडी, टोमॅटो, कांदा, सिमला मिरची, वर चाट मसाला. बटाट्याच्या आणि बिटाच्या चकत्या तेवढ्या गाळायच्या. हे सँडविच वडापावापेक्षा जास्त चांगले जमते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मुगाच्या धिरड्याचे सँडविचही पुष्कळजण 'लो-कार्ब' म्हणून सांगतात. ते तसे नाही. तीस ग्रॅम डाळीच्या धिरड्यात सतरा-अठरा ग्रॅम कर्बोदके येतात. सोबत सात ग्रॅम प्रथिने आणि चोथा मिळतो, साखर सावकाश चढते, म्हणून पावापेक्षा नक्कीच बरे. पण मोजून एक. ऑम्लेट-पावातले ऑम्लेट घ्या आणि त्यातच कांदा-टोमॅटो गुंडाळा, त्याला वेगळी कृती लागत नाही. दाबेलीच्या वाटेला मात्र जाऊ नका. बटाटा, गोड चटणी आणि शेव काढल्यावर तिच्यात दाबायला काही उरत नाही. तिला वर्षातून एकदा खरी खावी.

आता जे सांगायचे ते नीट ऐका. हे सगळे जमायला लागले, तशी मला हुरूप आला. संध्याकाळचा पाव गेला, मग सकाळची भाकरी काढली, दुपारचा भातही काढला. अण्णा काही बोलले नाहीत. सकाळची मधुमेहाची गोळी मात्र रोज होती तेवढीच घेत होते. पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास गडी धावत आला. अण्णा बांधावर बसलेले, अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. मशिनवर साखर आली ५८. सत्तरच्या खाली गेली की ती कमीच. मी घाईत डब्यातला तोच शेंगदाण्याचा पाव पुढे केला. त्याने काय होणार? त्यात साखर नाही, म्हणून तर तो केलेला! सासूबाईंनी माझ्या हातातून डबा घेतला आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांना पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा ८४.

डॉक्टर दुपारी माझ्यावर चिडले ते बरोबरच होते. "गोळी पूर्वीच्या जेवणाच्या मापाची, आणि जेवण काढून घेतलेत तुम्ही," ते म्हणाले. काही गोळ्या आणि इन्सुलिन आपण खाल्ले की नाही हे पाहत नाहीत, साखर उतरवतच राहतात. म्हणून घरात कोणी अशी औषधे घेत असेल, तर पाव-भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, औषधाचे माप बदलून घ्या आणि सुरुवातीचे काही दिवस साखर वरचेवर तपासा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी अंडी-पनीर एकदम वाढवू नये, गरोदर बायकांनी हे प्रयोग आपल्या मनाने करू नयेत. आणि साखर उतरल्याची लक्षणे दिसली, माणूस शुद्धीवर असला आणि गिळू शकत असला, तर साखर किंवा ग्लुकोजचे पाणीच द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

अण्णांची गोळी डॉक्टरांनी कमी केली. सकाळी अर्धी भाकरी परत आली. संध्याकाळी फ्लॉवरचा वडा आणि वाटीतला पाव असतो. सदऱ्याच्या खिशात ग्लुकोजची पुडी असते. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, ते पुलाजवळच्या गाडीवर एक खरा वडापाव खातात आणि घरी येऊन मला तसे सांगतात. एकच खाल्ला का, हे मी विचारत नाही. दोन तासांनी मशिन पुढे करते.