निवारा तपासायला कोण आलं होतं?

गेल्या गळीत हंगामात आंबेगावच्या पूर्व भागातल्या एका गोशाळेच्या तपासणीला मला जावे लागले. तपासणीच्या पत्रात माझे नाव नव्हते. चाऱ्याविषयी काही विचारायचे झाले तर माणूस हाताशी असावा, म्हणून मला सोबत घेतले होते. फाटकाजवळ एक शेतकरी उभा होता. दीड वर्षापूर्वी त्याने आपली म्हातारी बैलजोडी तिथे आणून सोडली होती. घरी चारा पुरत नव्हता, विकायची सोय नव्हती आणि दावणीला हाल होताना बघवत नव्हते. त्यातला एक बैल हिवाळ्यात गेला. तो मला म्हणाला, ‘‘साहेब, मागं पण तपासणी झाली. सगळं ठीक म्हणून लिहून गेले. तपासणारा माणूस शिकलेला कशात होता, तेवढं सांगा.’’

मला उत्तर देता आले नाही. परंतु प्रश्न रास्त होता. विहिरीची जागा बघायला आपण गवंडी बोलावत नाही आणि बैलाचा खूर बघायला वकील बोलावत नाही. मग शंभर-दीडशे मुक्या जनावरांचा निवारा तपासायला कोण येतो, त्याचे शिक्षण काय, हे विचारायला आपण का कचरतो?

हा प्रश्न आता आपल्या दारातला आहे. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी कायदा लागू झाला आणि गाईंबरोबर बैल व वळूही त्यात आले. भाकड आणि थकलेली जनावरे त्यामुळे गोशाळांकडे अधिक जाऊ लागली. २०२३ मध्ये कायदा होऊन महाराष्ट्र गोसेवा आयोग आला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने गोशाळेतील देशी गाईसाठी दिवसाला ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला आणि पडताळणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात समिती ठेवली. म्हणजे तपासणी आता पैशाशी जोडली गेली. जिथे पैसा जोडला जातो तिथे तपासणाऱ्याची नजर पक्की हवी.

एका गोठ्यात चार नजरा

त्या दिवशी आम्ही चौघे होतो. महसूलचे एक कर्मचारी, बांधकामाचे अभियंता, पशुवैद्यकीय डॉक्टर आणि मी.

महसूलच्या भाऊसाहेबांनी नोंदवही उघडून जनावरे मोजली. कानातले बिल्ले ताडून पाहिले. वहीत जेवढी, तेवढीच गोठ्यात. त्यांचे काम चोख झाले. अभियंता साहेबांनी छत, खांब, पाण्याचा हौद पाहिला. बांधकाम मजबूत होते, पण कोबा गुळगुळीत होता आणि उतार नीट नसल्याने मूत गव्हाणीपाशीच साचत होते. डॉक्टरांनी डोळ्यांच्या कडा, कातडी, खूर पाहिले. सात जनावरे बसल्या जागेवरून उठत नव्हती. त्यांनी लिहिले, ‘अशक्त, वयोमानामुळे.’

मी गंजीकडे गेलो. गंज कसली, नुसते उसाचे वाढे. कारखाने चालू, आसपास तोड चालू, वाढे फुकटात मिळत होते. कडबा नावाला, पेंड नाही, खनिज मिश्रणाची एकही पिशवी नाही. विचारले तर कळले, दिवाळीपासून हेच चालू आहे.

तुमच्यापैकी ऊसपट्ट्यातल्या मंडळींना हे ठाऊक असेल. वाढ्यात ऑक्झलेट असते. ते जनावराच्या पोटात कॅल्शियमला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. चार दिवस वाढे घातले तर बिघडत नाही. महिनोन् महिने तेच घातले की हाडे ठिसूळ होतात, दूध घटते, जनावर उठायला कुरकुरते. डॉक्टरांना गंजीपाशी नेऊन दाखवले. ते थांबले, पुन्हा त्या सात जनावरांकडे गेले आणि रक्ताचे नमुने घेतले. शेरा खोडून त्यांनी नवा लिहिला. म्हणाले, ‘‘वय आहेच, पण सगळं वयावर ढकलून चालणार नाही.’’ मग अभियंता साहेब म्हणाले, ‘‘आधीच हाडं कमजोर, त्यात घसरता कोबा. जनावर उठायला घाबरणारच.’’

बघा, प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच होते. परंतु चौघांचे एकत्र बसून बोलणे झाले तेव्हा कुठे दुखणे समजले. कोब्याला टाके घातले, कडबा आणि खनिज मिश्रण सुरू झाले. सातपैकी काही जनावरे महिन्या-दीड महिन्यात उठू लागली, काही नाही उठली. हिवाळ्यात गेलेल्या त्या बैलाच्या नावापुढे वहीत ‘वृद्धापकाळ’ लिहिले आहे. ते खरे की खोटे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण त्याचे शवविच्छेदन झालेले नाही.

कोण कशात शिकलेला असतो

पशुवैद्यक म्हणजे पशुवैद्यक शास्त्राचा पदवीधर. आपल्याकडची मुले शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालयात किंवा मुंबईच्या परळच्या महाविद्यालयात शिकतात. परळचे महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार त्यांची नोंदणी होते आणि त्यांना नोंदणी क्रमांक मिळतो. दाखल्यावर सहीखाली तो क्रमांक पाहावा. आजार, उपचार, मरणाचे कारण हे यांचे क्षेत्र. त्यातही गाई-म्हशीत हयात गेलेला डॉक्टर वेगळा आणि वन्यप्राण्यांत काम केलेला वेगळा.

अभियंता जागा, हवा, उतार, पाणी पाहतो. मोकाट गोठ्यात मोठ्या गाईमागे छताखाली ३.५ चौरस मीटर आणि उघड्या आवारात ७ चौरस मीटर जागा धरतात. हे गणित करायला पदवी लागत नाही. टेप घेऊन तुम्हीही मोजू शकता.

हिशेब तपासनीस वेगळाच माणूस. ज्या गोशाळा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांचे हिशेब १९५० च्या न्यास कायद्याखाली तपासले जातात. पावती आणि खर्च तो बघेल, पण पावतीवरची पेंड गव्हाणीत पडली का, हे त्याला कागदावरून दिसणार नाही.

राहिला चाऱ्याचा माणूस. मी कृषी पदविकेचा माणूस आहे. सुई टोचणे माझे काम नाही. पण चारशे किलोच्या जनावराला दिवसाला ८ ते १० किलो कोरडा चारा वजनाने पोटात जायला हवा, ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण हवे, हे सांगणारा कोणीतरी सोबत असावा. तो सरकारी नसला तरी चालेल. तुमच्या गावात चाळीस वर्षे गुरे सांभाळलेली एखादी आजी असेल, तिला सोबत न्या. रवंथ न करणारे जनावर ती लांबून ओळखते.

माणिकडोहचा धडा

आता जुन्नरकडे वळू. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आपल्याला परके नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वन विभागात येतात. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला आणि बिबट्या उसातच राहू लागला. २००१ पासून या भागात पिंजरे लावून मोठ्या संख्येने बिबटे धरले आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडले. वन खाते, महसूल, पोलीस सगळ्यांच्या दृष्टीने काम झाले होते. पिंजरा भरला, गाव शांत.

त्या कामाची तपासणी वेगळ्या नजरेने केली ती विद्या अत्रेय यांनी. त्या परिसर-शास्त्रज्ञ. त्यांच्यासोबत डॉ. अनिरुद्ध बेलसरे हे पशुवैद्यक होते. बिबट्याच्या अंगात ओळखीची चिप बसवून सोडलेला प्राणी पुन्हा कुठे सापडतो, हे त्यांनी पाहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की, धरून सोडण्याची मोहीम सुरू होण्यापूर्वी माणसावरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होत आणि नंतर ते सरासरी १७ वर गेले. पिंजरे मोजणाऱ्याला हे दिसले नसते. प्राणी कुठून आला आणि कुठे गेला, हे विचारायची सवय ज्या शिक्षणात लागते, त्या शिक्षणाचा माणूस लागला.

त्याच धामधुमीच्या वर्षांनंतर माणिकडोहचे केंद्र नावारूपाला आले. २००७ पासून वन खात्याबरोबर वाइल्डलाईफ एसओएस ही संस्था तिथे काम करू लागली. कायद्याने असे निवारा केंद्र प्राणिसंग्रहालयाच्याच व्याख्येत येते. त्याला १९९२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. संग्रहालयाच्या नियमांत बिबट्याच्या जोडीसाठी खुले आवार किमान ५०० चौरस मीटर धरले आहे, म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ पाच गुंठे. ‘सगळे बिबटे धरून माणिकडोहला टाका’ असे ग्रामसभेत आपण म्हणतो, तेव्हा एका जोडीला पाच गुंठे हा हिशेब मनात धरावा. राग खरा आहे. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याचे दुःख शब्दांत मावत नाही. पण जागा मोजूनच मिळते.

वन अधिकाऱ्यांविषयी एक गैरसमज आहे की ते फक्त झाडांचे जाणकार. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला विज्ञान, अभियांत्रिकी, पशुवैद्यक तसेच कृषी पदवीधरही बसतात आणि निवड झाल्यावर डेहराडूनला शिकतात. तेव्हा एखादे साहेब शेतकीचे पदवीधर असू शकतात. विचारून पाहा, बोलणे सोपे होते.

न्यायालयाने निवडलेली माणसे

२०२५ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची हत्तीण जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात गेली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. त्या केंद्राविषयीच्या तक्रारींवर सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्ट २०२५ रोजी विशेष तपास पथक नेमले. पथकात कोण होते? निवृत्त न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर प्रमुख. उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती राघवेंद्र चौहान, मुंबईचे माजी पोलीस आयुक्त हेमंत नगराळे आणि सीमाशुल्क खात्याचे अधिकारी अनिश गुप्ता हे सदस्य. प्राणी कायदेशीर मार्गाने आणले का, परदेशातून कसे आले, पैशाचा गैरव्यवहार आहे का, या प्रश्नांना कायदा, पोलीस आणि सीमाशुल्क हीच माणसे लागतात. पण पशुसंगोपन, उपचार आणि मृत्यूची कारणे हेही प्रश्न होते, आणि त्या चौघांत पशुवैद्यक नव्हता. म्हणूनच केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणासह संबंधित खात्यांनी पथकाला मदत करावी, असे न्यायालयाने सांगितले. अहवाल सप्टेंबरमध्ये आला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने तो स्वीकारला. त्यात केंद्राला दोष दिलेला नव्हता. निकालावर मी बोलत नाही. एवढ्या वरच्या पातळीवरही एका विद्येच्या माणसांवर भागत नाही, हे दाखवण्यासाठी हे उदाहरण दिले.

उलटेही घडते. जनावरांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा ज्यांच्या प्रयत्नांतून आला आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या पशुकल्याण मंडळाच्या ज्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, त्या रुक्मिणीदेवी अरुंडेल भरतनाट्यमच्या नर्तकी होत्या. पदवी नसलेल्या माणसाला जनावराचे दुःख कळत नाही, असे कोणी म्हणू नये. कळकळ आणि जाणकारी दोन्ही लागतात, आणि एकाच माणसात दोन्ही सापडतीलच असे नाही.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी एवढे करावे

गावात किंवा शेजारी निवारा असेल आणि तपासणी झाली असेल, तर हे पाच प्रश्न विचारा.

१. तपासणीला कोण कोण आले होते आणि प्रत्येकाचे शिक्षण व खाते कोणते? नावापुढे नुसते ‘सदस्य’ लिहून भागवू नये.

२. पशुवैद्यक होते का? सहीखाली नोंदणी क्रमांक आहे का?

३. मेलेल्या जनावरांचे शवविच्छेदन होते का, की सरसकट ‘वृद्धापकाळ’ लिहिले जाते?

४. चारा कोणी पाहिला? तीन महिन्यांत जनावरांनी काय खाल्ले, हे गंजीपाशी उभे राहून विचारले का?

५. तपासणारे एकत्र बसले का, की प्रत्येकाने आपला रकाना भरून गाडी धरली?

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा माना. आमच्या तपासणीत पहिला शेरा तसाच राहिला असता, तर सह्या होऊन आम्ही जेवणाच्या वेळेला मंचरला पोचलो असतो.

तो शेतकरी मला परवा बाजारात भेटला. त्याचा दुसरा बैल उभा राहतो, कडबा खातो, असे म्हणाला. दर महिन्याला जाऊन तो बघून येतो. पुढच्या तपासणीला गावातर्फे त्याला सोबत घ्या, असे मी तिथल्या सरपंचांना सांगितले आहे. त्या बैलाला वासरू असल्यापासून तो ओळखतो.