फ्रेम अडते कुठे?

सेकंदाला ६० चित्रे पडद्यावर उमटली की खेळातली हालचाल डोळ्यांना सलग वाटते. या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम तयार करायला संगणकाच्या हाती १६.७ मिलिसेकंद असतात आणि १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. जुना गेमिंग पीसी कमी खर्चात सुधारायचा तर या मिलिसेकंदांचा हिशेब मांडावा लागतो. ते कोणता भाग खातो हे शोधायचे आणि पैसे तिथेच घालायचे.

फ्रेम दोघांच्या हातून तयार होते. कोणता खेळाडू कुठे आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कोसळली की नाही हे सगळे प्रोसेसर ठरवतो आणि काय काय रंगवायचे याची यादी ग्राफिक्स कार्डकडे पाठवतो. कार्ड त्या यादीप्रमाणे प्रत्येक बिंदूचा रंग काढते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर असे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात, फोर-केवर त्याच्या चौपट. कार्ड एक फ्रेम रंगवत असते तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. दोघे बरोबरीने चालत असल्यामुळे जो हळू, त्याचाच वेग खेळाला मिळतो.

समजा एका फ्रेममागे प्रोसेसरला ९ मिलिसेकंद लागतात आणि कार्डला २५. खेळ ४० फ्रेमवर चालेल. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला तरी आकडा ४० च राहील, खर्च मात्र झालेला असेल. त्याऐवजी दुप्पट वेगाचे कार्ड घातले तर वेळ साडेबारा मिलिसेकंदांवर येईल आणि ८० फ्रेम मिळतील. चौपट वेगाचे कार्ड घेतले तरी १६० मिळणार नाहीत. आता प्रोसेसरचे ९ मिलिसेकंद आडवे येतील आणि खेळ १११ च्या आसपास थांबेल. कामाचा एकच भाग वेगवान केला तर एकूण फायद्याला मर्यादा पडते, हे संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये समांतर प्रक्रियेबद्दल मांडले होते. घरच्या पीसीलाही ते तितकेच लागू पडते.

म्हणून खरेदीआधी मोजणी करावी. तिला पैसे लागत नाहीत. एमएसआय आफ्टरबर्नरसारखे मोफत सॉफ्टवेअर खेळ चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवते. कार्डचा वापर सतत ९७ ते ९९ टक्के दिसत असेल तर अडचण कार्डाची आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल, फ्रेमवर कोणतीही मर्यादा घातलेली नसेल आणि तरीही खेळ अडखळत असेल, तर संशय प्रोसेसर किंवा रॅमवर घ्यावा. प्रोसेसरच्या एकूण वापराचा आकडा इथे फसवा ठरतो. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर एकूण वापर ३० टक्के दिसत असताना खेळाचा मुख्य थ्रेड ज्या कोअरवर आहे तो पुरता दमलेला असू शकतो. सगळ्यात भरवशाची परीक्षा साधी आहे: खेळाचे रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणायचे. रंगवायचे बिंदू निम्म्याहून कमी झाल्यावरही फ्रेम वाढल्या नाहीत तर अडवणारा प्रोसेसर. भराभर वाढल्या तर कार्ड.

आता एक नेहमी भेटणारा पीसी घेऊ: २०१७-१८ मध्ये जोडलेला, एएम४ सॉकेटचा बी४५० किंवा बी३५० मदरबोर्ड, रायझन ५ १६०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क आणि १०८० चा मॉनिटर. नव्या मोठ्या खेळांत हे कार्ड आधी दम टाकते. त्याच्यावर मेमरी ४ जीबी आहे आणि ते मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागवते.

नवे कार्ड निवडताना मेमरी, लेन (कार्ड आणि बोर्ड यांच्यात माहिती नेणाऱ्या वाटा) आणि वीज या तीन गोष्टी पाहाव्यात. यांतली मेमरी सगळ्यात जास्त जाच करते. खेळातली चित्रांकने कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावली नाहीत की ती पीसीच्या रॅममधून पीसीआय एक्सप्रेस मार्गे आणावी लागतात. आरएक्स ६६०० या ८ जीबीच्या कार्डावर स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबी आहे. पण ते आठच लेन वापरते आणि बी४५० बोर्डावर तिसऱ्या पिढीचा पीसीआय मिळतो, म्हणून बाहेरून येणारा माल सेकंदाला सुमारे ८ जीबीनेच येतो. हा वेग अठ्ठावीस पट कमी आहे. मेमरी पुरते तोवर या फरकाची जाणीवही होत नाही. ती संपली की सरासरी फ्रेम बरी दिसते आणि खेळ मात्र दर काही क्षणांनी गचके खातो. ४ जीबी मेमरी आणि फक्त चार लेन असलेले आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या बोर्डांवर म्हणूनच बदनाम झाले. जुन्या बोर्डासाठी ते घेऊ नये. १०८० साठी आज ८ जीबी ही खालची पायरी धरावी. पाच-सहा वर्षे कार्ड बदलायचे नसेल तर आरटीएक्स ३०६० सारखे १२ जीबीचे कार्ड बरे. इंटेलच्या आर्क बी५८० वरही १२ जीबी आहेत, पण त्याचे ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतात आणि रिसायझेबल बार ही प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय त्याला जवळजवळ अनिवार्य आहे. रायझन ५ १६०० सोबत ते जोडण्यात अर्थ नाही.

विजेची गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात आणि एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, आठ पिनांची स्वतंत्र केबल लागते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या लोकल एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेले असते, पण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर असतील तर उपयोगाचे फक्त १९२ वॉट झाले. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ३५ अँपिअरच्या पुढचा आकडा असतो. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांपुरती आपल्या नेमलेल्या आकड्याहून बरीच जास्त वीज ओढते आणि कच्चा एसएमपीएस तेवढ्यात पीसी बंद पाडतो. तो बदलण्याइतके पैसे हाताशी नसतील तर ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० हा मार्ग उरतो. ते ७० वॉटवर, बहुतेक मॉडेलांत वेगळ्या केबलशिवाय चालते.

प्रोसेसरच्या बाबतीत एएम४ वाल्यांचे नशीब चांगले आहे. २०१७ च्या बोर्डांवर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. १६०० आणि ५६०० या दोघांतही सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत आणि दोघांचे वीजमान ६५ वॉटच आहे. फरक रचनेत आहे. १६०० मध्ये कोअर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला ८ एमबी कॅश, म्हणजे चिपवरचीच वेगवान मेमरी, आहे. एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर ती हळू मार्गाने येते. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच ३२ एमबी कॅशवर बसतात. खेळात माहिती सतत इकडून तिकडे मागवली जाते, त्यामुळे प्रोसेसरचा बराच वेळ गणितापेक्षा वाट पाहण्यात जातो. कॅश वाढली की ती वाट कमी होते. ५८००एक्स३डी मध्ये चिपवर चिप रचून कॅश ९६ एमबीपर्यंत नेली, ती यासाठीच. स्वस्त म्हणून सुचवल्या जाणाऱ्या रायझन ५ ५५०० मध्ये मात्र कॅश १६ एमबीच आहे. किमतीत थोडाच फरक असेल तर ५६०० घ्यावा.

बदलण्याचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अद्ययावत करायचे, नंतर प्रोसेसर काढायचा. उलट केले तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखणारच नाही. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे. एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्या स्वतःच्या पोटाला असतात. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर ओढताना प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. पीसी दहा मिनिटे चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून, प्लग काढून कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा.

या बदलाचा आणखी एक फायदा आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि रायझन ५ १६०० विंडोज ११ च्या यादीत नाही. ५६०० आहे.

रॅमची दुसरी स्टिक हा सर्वांत सोपा बदल. ३२०० च्या डीडीआर४ स्टिकचा वेग सेकंदाला २५.६ जीबी असतो. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये, बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या, बसवल्या की तो दुप्पट होतो. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारे सेटिंग) चालू केले नाही तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते, आणि असे वर्षानुवर्षे चाललेले पीसी कमी नाहीत. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव जगभर चढले. डीडीआर५ शिवाय न चालणाऱ्या एएम५ वर उडी मारायची तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही नवे घ्यावे लागतात. त्यामुळे आहे ती डीडीआर४ सांभाळून एएम४ वरच सुधारणा करणे सध्या जास्त शहाणपणाचे आहे.

हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणल्याने सरासरी फ्रेम वाढत नाहीत. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, डोके सरकायला आणखी वेळ. एसएसडीला एक दशांश मिलिसेकंद पुरतो. मोठ्या नकाशात धावताना होणारे अडखळणे आणि लोडिंगची वाट यांत हा फरक लगेच जाणवतो. साधी साटा एसएसडी आणि महाग एनव्हीएमई यांत खेळापुरता फरक फारसा नसतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि इतरत्र जुनी कार्डे मुबलक मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवर चालणारे मायनिंग थांबले तेव्हा त्यात राबलेली कार्डे बाजारात ओतली गेली होती. अशा कार्डांत आधी झिजतात ते पंखे आणि मेमरीवरचे थर्मल पॅड. मूळ बिल पाहावे, सिरियल नंबर ताडून घ्यावा आणि अर्धा तास जड खेळ चालवून तापमान, पंख्यांचा आवाज आणि पडद्यावरचे ठिपके तपासावेत. तपासू देत नसतील तर सौदा सोडावा. तापमानाचा आकडा खोलीच्या उष्णतेसह वाचायचा असतो, कारण कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवतो. पावसाळ्यात २८ अंशांच्या खोलीत ७५ अंशांवर चालणारे कार्ड नागपूरच्या मे महिन्यात, ४२ अंशांच्या खोलीत, ८९ च्या आसपास जाईल. विदर्भ-खानदेशात म्हणूनच समोर जाळी आणि दोन पंखे असलेले कॅबिनेट हा चैनीचा खर्च ठरत नाही.

शेवटचा प्रश्न मॉनिटरचा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. १११ फ्रेम काढणारा पीसीही त्यावर ६० वेळाच दिसतो, फक्त माऊसचा प्रतिसाद थोडा लवकर मिळतो. मॉनिटर बदलायचा नसेल तर आरएक्स ६६०० आणि रायझन ५ ५६०० च्या पुढे एक रुपयाही खर्च करू नये.