थर्मॉमिटर आणि व्होल्टमीटर: इंग्रजी शब्दांतील सिलॅबल

आमच्या एका विद्यार्थ्याची परदेशातील अभियंत्यांसमोर ऑनलाइन मुलाखत होती. विषय पक्का होता, पण 'पॅरामीटर' हा शब्द तीनदा बोलूनही समोरच्यांना कळेना. शेवटी तो टाइप करून दाखवावा लागला. त्याने शब्दाच्या चारही तुकड्यांना सारखेच वजन दिले होते आणि 'मी' लांबवला होता.

हे तुकडे म्हणजे सिलॅबल. ते ऐकू येणाऱ्या स्वरांवरून मोजायचे, लिहिलेल्या अक्षरांवरून नाही. मराठीतही 'कमळ' लिहिताना अक्षरे तीन, पण बोलताना क-मळ असे दोनच तुकडे होतात. इंग्रजी 'वर्क्ड'च्या स्पेलिंगमध्ये ओ आणि ई हे दोन स्वर दिसतात, पण ऐकू एकच येतो; म्हणून सिलॅबल एक. 'टेस्टेड'मध्ये मात्र दोन, कारण क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड ऐकू येत असेल तर पुढचे ईडी वेगळे उच्चारावे लागते.

तुकडे पाडून झाले की आघात कोणत्या तुकड्यावर आहे ते पाहा. आपले खरे अडते ते इथे. प-रॅ-मि-टर, डाय-ॲ-मि-टर, थर-मॉ-मि-टर, ब-रॉ-मि-टर: चारही शब्दांत आघात दुसऱ्या सिलॅबलवर आणि 'मि' ऱ्हस्व. 'व्होल्टमीटर' हा मात्र व्होल्ट आणि मीटर यांचा सरळ जोडशब्द. तिथे आघात पहिल्यावर आणि 'मी' दीर्घच राहतो. 'ॲमीटर'चेही तसेच. शब्दकोशात आयपीए लिपीत दिलेल्या उच्चारात आघाताची छोटी उभी रेघ त्या सिलॅबलच्या आधी असते. पुष्कळ जण ती नंतरची समजतात आणि चुकीचा उच्चार पाठ करून बसतात.

स्पेलिंगलाही याचाच उपयोग होतो. क्रियापदाच्या शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन असेल व आघात शेवटच्या सिलॅबलवर असेल, तर ईडी किंवा आयएनजी लावताना ते व्यंजन दुप्पट होते. पर-मिट, आघात 'मिट'वर, म्हणून 'परमिटेड'मध्ये दोन टी. लि-मिट, आघात 'लि'वर, म्हणून 'लिमिटेड'मध्ये एकच. रि-फर, आघात 'फर'वर, म्हणून 'रिफर्ड'मध्ये शेवटी दोन आर. पण 'रेफरन्स'मध्ये आघात सरकून 'रे'वर येतो आणि मधला आर एकटाच राहतो. (प्रोजेक्ट रिपोर्टच्या शेवटच्या पानावर तो दुप्पट झालेला मला दर वर्षी भेटतो.)

एल या अक्षराला हा नियम लावताना जपा. 'ट्रॅव्हल'चा आघात पहिल्या सिलॅबलवर असूनही ब्रिटिश पद्धतीत 'ट्रॅव्हल्ड'ला दोन एल लागतात. अमेरिकन पद्धतीत एकच.