रकाना नसलेले नुकसान

पूर ओसरला की गावात पंचनामा येतो. घर किती पडले, गुरे किती वाहून गेली, माती किती खरवडली, विहीर बुजली का? प्रत्येकाला कागदावर रकाना असतो. आयुष्य बँकेतल्या रकान्यांत गेल्यामुळे असेल कदाचित, पण मला छापलेलाच नसतो त्या रकान्याचे कुतूहल अधिक. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने परंडा तालुक्यातल्या गावांना वेढा घातला. काही माणसांना लष्कराच्या हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. यंदा आभाळ भरून आले की जिची झोप उडते, रिकामी दावण पाहिली की ज्याच्या छातीत धडधडते, त्यांचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे?

आपल्या बायाबापड्यांनी या दुखण्याला फार पूर्वीच नाव दिले आहे : धसका. ‘तवापासनं तिनं धसका घेतलाय’ असे म्हणतात, अंगारा लावतात, दृष्ट काढतात. वैद्यकशास्त्राला त्याला अधिकृत नाव द्यायला १९८० साल उजाडावे लागले. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले सैनिक वर्षे लोटली तरी रात्री किंचाळत उठत होते. तेव्हा कुठे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीत आघातानंतरच्या या विकाराची नोंद झाली.

अशा आघातावरच उपचार करणारा माणूस घडतो कसा? कॉलेजच्या प्रवेश अर्जावर खूण करून कोणी या वाटेला लागत नाही. बहुधा वाटच माणसाला गाठते. फ्रान्सिन शपिरो या खरे तर इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थिनी, थॉमस हार्डीवर प्रबंध लिहीत होत्या. १९७९ मध्ये कर्करोगाने गाठले आणि मन व शरीर यांचे नाते शोधण्यासाठी त्या मानसशास्त्राकडे वळल्या. १९८७ मध्ये बागेत फिरताना त्यांच्या लक्षात आले की डोळे झरझर इकडून तिकडे फिरले की त्रासदायक विचारांची धार कमी होते. त्यातून डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी उपचारपद्धती उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ज्या दोन पद्धतींची शिफारस केली, त्यांतली ही एक. दुसरी, आघाताभोवतीचे विचार आणि वागणे हळूहळू सैल करणारी.

आपल्याकडे ही वाट भूकंपातून गेली. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट. परंडा तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, तर सास्तूर आणि उमरग्याचा परिसर पूर्वेला. तिकडे आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. उरलेल्यांना पुढे नवी घरे मिळाली, पण छताखाली झोपण्याची भीती कित्येकांना वर्षानुवर्षे पुरली.

त्या वेळी पुण्यात डॉ. मोहन आगाशे ससूनमध्ये मानसोपचाराचे प्राध्यापक होते. महाराष्ट्र त्यांना ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस म्हणून ओळखत होता. १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, त्यात त्यांचा मोठा वाटा. भूकंपाने माणसांच्या आणि गावांच्या मनावर काय परिणाम केला, याचा अभ्यास ही संस्था आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून केला. त्याचे प्रमुख संशोधक आगाशे होते. शहरातल्या दवाखान्यात बसून रुग्णाची वाट पाहणारे शास्त्र असे पडक्या गावांच्या वाटेला लागले. गावच्या गाव आजारी असेल तर डॉक्टरला उंबरा ओलांडावाच लागतो!

या उपचारात शिकण्याची पहिली गोष्ट म्हणजे घाई न करणे. संकट ओसरताच प्रत्येकाला बसवून सगळी हकीकत वदवून घ्यावी, म्हणजे मन मोकळे होते, असा एक समज होता. त्याने फायदा होत नाही, उलट काहींना त्रासच होतो, असे पुढे दिसून आले. म्हणून आता प्रथम अन्न, निवारा, आपली माणसे आणि न खोदता ऐकणारा कान. बहुतेक जण एवढ्या आधारावर सावरतात. महिने लोटूनही ज्यांचा धसका जात नाही, त्यांना तज्ज्ञ लागतो.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मधल्या पुस्तकात सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, शेवटी पुन्हा माणसांत मिसळणे. उपचारक प्रथम श्वासावर, पायाखालच्या जमिनीवर लक्ष आणायला शिकवतो. भीती आवरता येते हा विश्वास आला की मग त्या रात्रीकडे थोडे थोडे वळायचे. आठवण पुसायची नसते. ‘हे आत्ता घडते आहे’ याचे ‘हे तेव्हा घडले’ असे व्हावे, एवढेच साधायचे असते.

ऐकायला सोपे, करायला कठीण. मानसशास्त्राचे किंवा मानसोपचाराचे उच्च शिक्षण, रुग्णालयातला अनुभव, त्यावर या पद्धतींचे वेगळे प्रशिक्षण, आणि तेही जाणत्याच्या देखरेखीखाली. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्यालाही धसका बसू शकतो, म्हणून त्यालाही कोणीतरी ऐकणारे लागते.

अशी माणसे शहरांतच फार. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात आपला जिल्हा होता. २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते. घरात कोणी पावसाच्या आवाजाने दचकत असेल तर हा क्रमांक भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. पण फोनवरचा आवाज ही सुरुवात झाली. परंड्याच्या एखाद्या मुलीने किंवा मुलाने हे शिक्षण घेऊन इथेच बसावे, ‘तवापासनं’ या शब्दानंतर येणारी लांब शांतता समजून घ्यावी, हे व्हायला हवे. ती शांतता ज्याला आपल्या बोलीत कळते, त्याचे निम्मे शिक्षण गावातच झालेले असते. उरलेल्या निम्म्याची सोय करणे मात्र आपल्या सर्वांचे काम आहे.