फिर्यादी नसलेला खून

मुलीचा खून घरच्यांनीच केला, तर फिर्याद द्यायला ठाण्यात जाणार कोण? बाप आरोपी, भाऊ आरोपी, आई एक तर सामील किंवा दहशतीखाली, आणि भावकीच्या तोंडाला कुलूप. उजाडायच्या आत सरण पेटतं. चौकशी करणाऱ्याला सांगितलं जातं, ‘पोटात दुखायला लागलं, दवाखान्यात न्यायच्या आधीच गेली.’ शवविच्छेदन नाही, पंचनामा नाही. गावाला सगळं ठाऊक आणि कागदावर काहीच नाही.

पेडगावात बसून हे लिहिताना फार लांब बघावं लागत नाही. आपल्याच परभणी जिल्ह्यात, पालम तालुक्यात एप्रिल २०२३ मध्ये १९ वर्षांच्या मुलीला मारून रातोरात अंत्यसंस्कार उरकल्याचा आरोप तिच्या आईवडिलांवर आणि नातेवाइकांवर आहे. त्याआधी तीनच महिने शेजारच्या नांदेड जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलीचा असाच घात झाला. प्रेत शेतात जाळून राख ओढ्यात टाकल्याचं पोलिसांचं म्हणणं. दोन्ही ठिकाणी कुजबुज पोलिसांपर्यंत पोचली म्हणून गुन्हे उघडकीला आले. ती पोचली नसती, तर दोन्ही मुली ‘आजारपणानं वारल्या’ एवढीच नोंद उरली असती.

अशी कुजबुज उचलून तिच्यामागे वर्षानुवर्षं चालणाऱ्या पत्रकाराचं काम काय करू शकतं, हे जॉर्डनच्या राना हुसैनी यांच्याकडे पाहिलं की कळतं. ‘जॉर्डन टाइम्स’ची ही तरुण बातमीदार १९९४ मध्ये अम्मानमधल्या एका खुनाच्या बातमीवर गेली. १६ वर्षांच्या मुलीवर सख्ख्या भावानं बलात्कार केला होता. दुसऱ्या भावानं घराण्याची अब्रू गेली म्हणून तिचाच जीव घेतला. हुसैनी मुलीच्या काकांना भेटल्या, तर त्यांनी दोष मुलीच्याच माथी मारला. बातमी देऊ नका, असंही बजावलं. हुसैनींनी बातमी दिली आणि तिथेच न थांबता पुढच्या प्रत्येक खटल्याचा पाठपुरावा केला. आरोपी काही महिन्यांत सुटून येताना दिसू लागले, कारण कायदाच त्यांच्या बाजूनं होता: रागाच्या भरात केलेल्या कृत्याला सवलत आणि घरच्यांनी तक्रार सोडली की शिक्षा आणखी कमी. जीव धोक्यात आहे म्हणून आलेल्या बायकांना मात्र ‘संरक्षणासाठी’ तुरुंगात ठेवलं जाई. १९९९ मध्ये कायदा बदलावा म्हणून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हजारो सह्या गोळा केल्या. संसदेनं दाद दिली नाही, धमक्या आल्या. रागाच्या सवलतीची पळवाट बुजवायला २०१७ साल उजाडलं.

आपल्याकडे खटला सरकार चालवतं, घरच्यांच्या माफीनं तो मिटत नाही. पण साक्षीदार फितूर झाले की निकाल तोच लागतो. साक्षीदार कोण? तर चुलता, शेजारी, पोलीस पाटील. ज्यांना रोज त्याच पारावर बसायचं आहे अशी माणसं. म्हणून पहिल्या दिवसाची बातमी मला अपुरी वाटते. ‘सैराटची पुनरावृत्ती’ असा मथळा देऊन मोकळं होणारी बातमी तर सिनेमाच आठवून देते, मुलगी नव्हे. आरोपपत्र वेळेत गेलं का, साक्षी कधी, कोण उलटलं, जामीन कुणाला, हे छापणं म्हणजे पत्रकारिता. नांदेडच्या भोकर तालुक्यात २०१७ मध्ये भावानं विवाहित बहीण आणि तिच्या प्रियकराला विळ्यानं मारलं. तो खटला शेवटपर्यंत गेला: सत्र न्यायालयात फाशी, उच्च न्यायालयात ती कायम आणि सर्वोच्च न्यायालयात एप्रिल २०२३ मध्ये जन्मठेप.

महाराष्ट्रात पत्रकारिता आणि आंदोलन यांना जोडणारी वाट डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी चालून दाखवली. ‘साधना’ साप्ताहिकाचे ते संपादक होते. जून २०१३ मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गर्भवती मुलीला बापानंच गळा आवळून मारलं. त्यामागे जातपंचायतीचा धाक असल्याचं पुढे आल्यावर दाभोलकर आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उभी केली. ८ ऑगस्टला नाशिकला पहिली परिषद झाली. २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. कार्यकर्त्यांनी मोहीम सोडली नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात जुलै २०१७ पासून लागू झाला, त्यामागे या मोहिमेचा रेटा मोठा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांवर मात्र माझा विश्वास नाही. असे खून देशभरात २०१४ मध्ये २८, २०१५ मध्ये २५१, २०१६ मध्ये ७७. समाज एका वर्षात नऊपट क्रूर होऊन पुढच्या वर्षी सुधारत नसतो. हे आकडे खुनाचे नाहीत, नोंदीचे आहेत. ज्या मुलीच्या मरणाची नोंद पोटदुखी म्हणून झाली, ती यात कुठेच नाही.

जिवंत आहेत त्यांच्यासाठी काय? मार्च २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक आणि समाजकल्याण अधिकारी असलेला विशेष कक्ष, चोवीस तास हेल्पलाइन आणि जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा देण्याच्या सूचना केल्या. आधी महिनाभर, गरज पडल्यास वर्षभर तिथे राहता येतं. तरीही सज्ञान मुलगी ठाण्यात आली की पहिला फोन तिच्या बापाला जाण्याची सवय अनेक ठिकाणी मोडलेली नाही. ‘लग्न लावून देतो, घरी चल’ म्हणत नेलेल्या मुलीचं पुढे काय होऊ शकतं, ते वरच्या घटनांवरून कळतंच.

तालुक्याच्या बातमीदार मित्रांनो, अशी बातमी आली तर तिची तारीख डायरीत लिहून ठेवा आणि प्रत्येक सुनावणीला न्यायालयात जा. आणि वाचकहो, शेजारच्या घरात मुलीला कोंडलंय, मारहाण चाललीय, असं कानावर आलं तर भावकीचा मामला म्हणून दार लावून घेऊ नका. ११२ ला फोन करा, आणि तो त्याच रात्री करा.